भाषणातली ताई

धाकटीचं भाषण ऐकायला लोक लांबून लांबून यायचे, पण तिच्या सख्ख्या बहिणीने ते एकदाही ऐकलेलं नव्हतं. ऐकायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, योगच यायचा नाही. धाकटी राहायची दूरच्या मोठ्या शहरात. शिक्षण, संस्कृती, समाज असल्या विषयांवर गावोगाव बोलत फिरायची. आणि थोरली इथे, हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत, वाफेत उभी. वरच्या मजल्यांवरून लोखंडी गाड्या भरभरून चादरी खाली यायच्या. कशावर रक्त, कशावर औषध, कशावर नुसताच माणसाच्या घामाचा पिवळा डाग. धुण्याच्या मशीनमधून त्या निघायच्या, इस्त्रीच्या गरम रुळाखालून सरकायच्या आणि थोरलीच्या हातात यायच्या. त्या रुळापाशी उभं राहून राहून तिच्या बोटांची टोकं अशी निबर झाली होती, की उकळत्या चहाचं भांडं ती फडक्याशिवाय उतरवायची.

एक-दोनदा तिने फोनवर म्हणून पाहिलं होतं, "मलाही ने की गं एकदा तुझ्या भाषणाला."

"कंटाळशील गं ताई," धाकटी म्हणायची. "तेच तेच दळण असतं. त्यापेक्षा मीच येईन तुझ्याकडे निवांत."

निवांत ती कधी आलीच नाही. थोरलीचा नवरा वारला तेव्हा आली होती, तीही उभ्या उभ्या. बरं, भाषण मोबाईलवर तरी बघावं, तर धाकटी कोणाला रेकॉर्डिंग करू द्यायची नाही. समोर बसून ऐकलं तेच खरं, असं तिचं म्हणणं. थोरलीला ते पटायचं. शिकलेल्या माणसाची काहीतरी पद्धत असणारच.

थोरलीची एकुलती एक लेक इथल्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. एक दिवस ती उड्या मारतच घरी आली.

"आई, शनिवारी सुट्टी टाक. मावशीचं भाषण आहे, आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये!"

"ठाऊक आहे मला. फोन आला होता तिचा. शिक्षकांचं संमेलन आहे, बाहेरच्यांना सोडत नाहीत म्हणाली. भाषण झालं की गाडीत बसून परत जायचंय तिला."

"सोडत कसे नाहीत? खुर्च्या मांडायला तर आम्हीच आहोत. मी दोन पास मागून घेतलेत. आणि ती माझी मावशी आहे हे मी कोणालाच सांगितलेलं नाही हं. भाषण संपलं की तुला घेऊन सरळ स्टेजवर जाणार. मला सगळ्यांची तोंडं बघायचीत."

थोरलीने आढेवेढे घेतले, पण मनातून ती हरखली होती. शनिवारी तिने ठेवणीतले कपडे काढले, केसांना दोनदा कंगवा फिरवला, आणि बोटांवरचे भाजल्याचे डाग दिसू नयेत म्हणून पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती हॉलमध्ये शिरली.

हॉल गच्च भरला होता. मायलेकींना मधल्या रांगेत जागा मिळाली. थोरलीच्या शेजारी एक तरुण शिक्षिका बसली होती. "मी तिसऱ्यांदा ऐकतेय यांना," ती आपणहून म्हणाली. "रुमाल जवळ ठेवा, मावशी."

प्राचार्यांनी ओळख करून दिली आणि धाकटी उठली. कानांमागचे केस पांढरे झाले होते, पण चाल तीच, शाळेत बक्षीस घ्यायला जायची तशी, मान किंचित वर. थोरलीचा ऊर भरून आला. हिच्या वेण्या मी घालत होते, असं शेजारणीला सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण लेकीने ताकीद दिली होती.

"तुम्ही मला संस्कृतीवर बोलायला बोलावलंत," धाकटीने सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत जात होता. "संस्कृती कुठे असते हो? संग्रहालयात, काचेच्या कपाटात? आमच्या घरात ती जेवताना दिसायची. कोण आधी जेवतं आणि कोण शेवटी भांडं खरवडतं, ती आमची संस्कृती. आणि ओळख म्हणजे काय? 'तू कोण?' असं विचारलं की माणूस जे सांगतो, ती त्याची ओळख. माझ्या थोरल्या बहिणीला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तिला एवढंच विचारायचे, 'झालं का?' स्वयंपाक झाला का, धुणं झालं का, धाकटीचं आवरून झालं का."

लोक हसले आणि हसता हसता गप्प झाले. थोरलीही हसली. लेकीने तिचा हात दाबला.

पुढे धाकटीने आई गेल्याचं सांगितलं. बाबा रात्रपाळीचे पहारेकरी, घर बघायला कोणीतरी हवं, म्हणून थोरलीची शाळा सुटली, आणि घरचं भागेना म्हणून ती लाँड्रीत कामाला लागली. सगळं खरं होतं. "संध्याकाळी ताई घरी यायची, हात सुजलेले असायचे, आणि मला विचारायची, 'आज काय शिकलीस?' मग मी शाळेत शिकलेलं सगळं तिला शिकवायचे. माझी पहिली विद्यार्थिनी ती." हेही खरं होतं. म्हणजे काही महिने तरी. पुढे पुढे थोरलीला ऐकता ऐकताच झोप लागायची, आणि धाकटी रागावून वही मिटायची. पण एवढं कोण सांगत बसतं?

मग धाकटीचा आवाज खाली आला.

"माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती आणि निरोप आला, ताईला न्यूमोनिया झालाय. शेवटचा पेपर टाकून मी धावत घरी गेले. ती ओळखू येत नव्हती. मी तिचा हात हातात घेतला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'आज काय शिकलीस?' ते तिचे शेवटचे शब्द. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर मी आजतागायत शोधते आहे."

थोरलीला आधी वाटलं, मधलं काहीतरी आपण ऐकायचं चुकवलं. दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट सुरू झाली असावी. तिने लेकीकडे पाहिलं. लेक ताठ बसली होती, तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता. सगळ्या हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येत होते. समोरचा टक्कल पडलेला शिक्षक खांदे हलवून रडत होता. स्टेजवर धाकटी सांगत होती, की ताईच्या नावाने मोठ्या शहरात मुलींचं वसतिगृह उभं राहिलं आहे, ज्यांच्या घरी शिक्षण परवडत नाही अशा मुली तिथे राहून शिकतात, आणि त्यांतली एकेक शिकून बाहेर पडते तेव्हा ताईच्या प्रश्नाला एकेक उत्तर मिळतं.

थोरलीच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. ते कशाचं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. शेजारच्या शिक्षिकेने तिच्या हातात कागदी रुमाल ठेवला.

"सांगितलं होतं ना मी? गेलेलं माणूस काही परत येत नाही मावशी, पण किती जणींना उभं केलं बघा तिने."

टाळ्या थांबेचनात. त्या गडबडीत थोरलीने लेकीचा दंड धरला. "चल घरी."

"घरी? आई, तिने तुला मारून टाकलंय!"

"हळू बोल."

पण लेक ऐकण्यातली नव्हती. तिने आईचं मनगट पकडलं आणि गर्दीतून वाट काढत तिला स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत ओढत नेलं. धाकटीभोवती माणसांचा गराडा होता, हातात फुलांचा गुच्छ होता. कोणाशी तरी हसून बोलता बोलता तिने मान वळवली आणि थोरलीला पाहिलं.

लहानपणी दुधाचं भांडं पालथं झालं की धाकटी अशीच उभी राहायची. डोळे मोठे, खालचा ओठ आत ओढलेला, बाबांचा हात आता पडेल म्हणून खांदे उचललेले. आणि दर वेळी थोरली म्हणायची, बाबा, माझाच धक्का लागला. वय झालं, केस पांढरे झाले, तरी ते उचललेले खांदे तेच.

"या, या," प्राचार्य अगत्याने म्हणाले. "आपण कोण?"

लेकीने तोंड उघडलं. थोरलीने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिचे शब्द घशातच राहिले.

"मी यांच्या जुन्या गल्लीतली," थोरली म्हणाली. "शेजारीण."

"काय सांगता! म्हणजे तुम्ही यांच्या ताईंना पाहिलं असेल."

"हो. पाहिलंय ना."

आजूबाजूचे सगळे तिच्याकडे वळले. कोणीतरी तिला खुर्ची दिली. मघाची तरुण शिक्षिका पुढे सरकली. "कशा होत्या हो त्या?"

थोरलीने पर्स पोटाशी घट्ट धरली. काय सांगावं? असं तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

"बरी होती," ती म्हणाली. "कामाला चटपटीत. जरा फटकळ होती, पण मनात काही ठेवायची नाही."

"शेवटी फार हाल झाले का त्यांचे?"

"नाही," थोरलीने धाकटीकडे न बघता सांगितलं. "फारसे नाही झाले."

धाकटीने गुच्छात तोंड लपवलं. लोकांना वाटलं, आठवणीने.

घरी जाताना लेक चार पावलं पुढे चालत होती. रस्त्यावरची दुकानं बंद होत होती, शटर खाली ओढल्याचे आवाज येत होते. एका वळणावर ती थांबली.

"शेजारीण?" ती म्हणाली. "तिने एकदा मारलं, आणि तू पुन्हा मारलंस स्वतःला. माझ्यासमोर."

"चारचौघांत काय तमाशा करायचा होता?"

"करायचा होता! हो, करायचाच होता तमाशा!"

थोरलीला खोकला आला. भाषणातला न्यूमोनिया तेवढा खरा होता; त्या हिवाळ्यातल्या आजारपणानंतर खोकला कायमचाच मुक्कामाला आला होता. ती भिंतीला हात टेकून उभी राहिली, आणि लेक पाठ चोळायला मागे आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. धाकटी होती, एकटीच. शनिवारी ती परत गेलीच नव्हती. कालचेच कपडे अंगावर होते आणि डोळे सुजले होते. स्वयंपाकघरातल्या लहान स्टुलावर, जिथे ती पूर्वी गृहपाठ करत बसायची, तिथेच ती टेकली. लेक आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"ताई, मला मार," धाकटी म्हणाली.

"माराचं वय राहिलं का तुझं?" थोरलीने चहाचं आधण ठेवलं. "मला एवढंच सांग, मी पहिल्यांदा कधी मेले?"

धाकटीने खाली मान घालून सांगितलं. एका लायब्ररीत ती बोलत होती, मूठभर माणसांसमोर. ताईच्या आजारपणाचं सांगता सांगता तिला हुंदका आला, पुढे बोलवेना, म्हणून ती खाली बसली. ऐकणारे समजले की ताई गेली. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, पोरी, तिच्यासाठी बोलत राहा.

"तेव्हा नाही म्हणायचं राहून गेलं," धाकटी म्हणाली. "त्यांनीच मला पुढच्या ठिकाणी बोलावलं. तिथे माझी ओळखच तशी करून दिली. दिवंगत बहिणीचा वसा घेतलेली. मग कसं सांगायचं? आणि मग त्यांनीच वसतिगृहाला जागा दिली."

"त्या हिवाळ्यात तू आली नव्हतीस."

"परीक्षा होती ताई."

"परीक्षा संपल्यावरही आली नाहीस. पलीकडच्या बाईने मला पेज पाजली." थोरलीच्या आवाजात राग नव्हता. "भाषणात मात्र येतेस. पेपर टाकून धावत येतेस. छान वाटलं ऐकायला."

धाकटी रडू लागली. थोरलीने तिला रडू दिलं. चहात साखर घातली, ढवळली.

"मी जगले, असं सांगितलं असतंस तर काय बिघडणार होतं?"

"लोकांनी विचारलं असतं, मग आता ती काय करते?" धाकटीने नाक पुसलं. "काय सांगणार होते मी? एवढं शिकले, जगाला शहाणपण शिकवत फिरते, आणि माझी ताई अजून तिथेच आहे, त्याच रुळापाशी? असल्या गोष्टीने कोण पेटून उठणार?"

 मग थोरलीने कप तिच्यापुढे सरकवला. तिच्या मनात एक विचार येऊन गेला होता, आणि तो तिला फारसा वाईटही वाटला नव्हता. आपण जगून कोणाच्या काय उपयोगी पडलो? चादरी इस्त्री केल्या. मेल्यावर निदान पोरी तरी शिकतायत.

"राहू दे," ती म्हणाली. "मेले तर मेले. पोरी शिकतायत ना? घे, चहा घे."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. लेक उंबऱ्यात उभी होती.

"मावशी, मला वसतिगृहात जागा का दिली नाहीस?"

शाळा संपली तेव्हा लेकीला मोठ्या शहरात, इमारतींची डिझाइनं शिकवणाऱ्या नामांकित कॉलेजात प्रवेश मिळाला होता. लहानपणापासून ती कागदावर घरं काढायची, जिने, खिडक्या, उजेड कुठून येईल त्याचे बाण. राहायची सोय तेवढी हवी होती. बहीण तिथे मुलींचं वसतिगृह चालवते एवढं थोरलीला ठाऊक होतं, म्हणून तिने मोठ्या आशेने फोन केला, आणि धाकटीने सांगितलं, वसतिगृह भरलंय, एकही जागा नाही. आपल्या घरीही सोय होण्यासारखी नाही, म्हणाली. मग लेकीने इथल्याच कॉलेजात नाव घातलं. कॉमर्सला. तेव्हापासून तिने घरं काढली नाहीत.

"जागा भरल्या होत्या," धाकटी म्हणाली.

"खरं सांग."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. मदत मागताना बघायची तसं. थोरलीने चहाचं भांडं विसळायला घेतलं.

"तिथे भिंतीवर तुझ्या आईचा फोटो आहे," धाकटी शेवटी म्हणाली. "मोठा, दारातून आत गेल्यावर समोरच. तू रोज त्याच्यासमोरून जाणार. एखाद्या दिवशी तरी बोलून गेली असतीस."

लेक हसली. 

"ऐकलंस आई? ज्यांच्या घरी शिक्षण परवडत नाही अशा मुलींसाठी. तुझ्या नावाने."

थोरलीने हातातलं भांडं खाली ठेवलं. आता तिचा आवाज वेगळा झाला होता.

"माझं होतं ते मी तुला दिलं," ती म्हणाली. "शाळा दिली. मरणसुद्धा आत्ताच देऊन मोकळी झाले होते. पण हिचं काय म्हणून घेतलंस? हिने तुझं काय खाल्लं होतं?"

"ताई—"

"जा आणि सांग. जिथे जिथे बोलतेस तिथे सांग, की ताई जिवंत आहे."

"सगळं कोसळेल गं!" धाकटी उभी राहिली. "खोट्यावर कोण देणगी देईल? तिथल्या पोरींना परत जायला घरं नाहीत. एकीला तिच्या बापाने घरातून हाकललंय, ती आता डॉक्टर होईल. मला शिक्षा कर, त्यांना नको."

थोरलीने डोळे मिटले. त्या न पाहिलेल्या पोरी तिच्या डोळ्यांसमोर आल्या. पुस्तकं पोटाशी धरलेल्या, भिंतीवरच्या फोटोकडे बघत वर्गाला निघालेल्या. त्यांचं वाईट चिंतणं तिला जमेना. आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या आपल्या पोरीकडे बघणंही जमेना.

"मग नको सांगूस," ती म्हणाली. "पण मग इथे येऊही नकोस. फोनही नको. मेलेल्या माणसाकडे कोणी चहाला येत नाही."

धाकटी गेली. तिच्या कपातल्या चहावर साय धरली होती. थोरलीने तो मोरीत ओतला.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. घरात दोघीच, आणि दोघींत बोलणं उरलं नाही. लेक कॉलेज संपवून एका फरशीच्या दुकानात नोकरीला लागली. गिऱ्हाइकांना बाथरूमच्या फरशांचे नमुने दाखवायची, संध्याकाळी येऊन जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. आपण त्या वसतिगृहात जाऊन फोटोखाली उभं राहावं, असं तिने एकदाच आईला सुचवलं होतं.

"आणि त्या पोरींना काय सांगू?" थोरलीने विचारलं होतं. "उठा, मी मेलेली नाही, आता तुम्ही घरी जा?"

"मग मी कोणाला काय सांगू?" लेक म्हणाली होती, आणि विषय तिथेच संपला होता.

लाँड्रीत काम चालू होतं. वरच्या मजल्यांवर माणसं मरायची, त्यांच्या अंगावरच्या चादरी खाली यायच्या आणि बाकीच्या चादरींतच धुतल्या जायच्या. इतक्या वर्षांत थोरलीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र रुळाखालून चादर सरकत आली की तिला वाटायचं, ही कोणाची असेल? आपण खरोखरच त्या हिवाळ्यात गेलो असतो तर? धाकटीची गोष्ट खरी झाली असती. लेक जन्मालाच आली नसती, तिला फरशा दाखवाव्या लागल्या नसत्या. मग तिची तिलाच लाज वाटायची आणि ती हात भरभर चालवायची. कामाची पाळी संपली की मुकादम म्हणायचा, "बाई, तुम्ही हल्ली बोलत नाही." ती म्हणायची, "वाफेने घसा बसतो हो."

एका रविवारी दुपारी फोन वाजला. स्क्रीनवर धाकटीचं नाव होतं. थोरलीने तो वाजू दिला. बंद पडला, पुन्हा वाजू लागला. तिसऱ्या वेळी तिने उचलून नुसता कानाला लावला.

"ताई, मी सांगितलं," पलीकडून धाकटी म्हणाली. तिला धाप लागली होती. "आत्ताच. आत्ताच भाषण संपलं. फार मोठा हॉल होता. मी शेवटाला आले आणि सांगितलं. माझी ताई जिवंत आहे, म्हटलं. ती मेलेली नाही. ती जिवंत आहे."

थोरली हळूच खुर्चीवर बसली. लेक आतून येऊन दारात थांबली.

"मग?" थोरलीने फोनवर विचारलं.

"मग सगळे उभे राहिले."

"म्हणजे?"

"टाळ्या गं, ताई." धाकटीचा आवाज फुटला. "त्यांना वाटलं, मी म्हणतेय की ती आपल्या सगळ्यांत जिवंत आहे. या मुलींच्या रूपाने. मी पुन्हा म्हटलं, नाही, खरंच जिवंत आहे, तर त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या बायका रडत होत्या. संयोजकाने येऊन माझे दोन्ही हात धरले. याहून सुंदर शेवट मी ऐकला नाही म्हणाला."

"आणि तू काय केलंस?"

पलीकडे कोणीतरी धाकटीला हाक मारत होतं. गाडी आली आहे, असं काहीतरी.

"मी काय करणार होते ताई? एवढी माणसं उभी होती."

"बसवायचंस त्यांना खाली," थोरली म्हणाली. "म्हणायचंस, बसा, मला अजून बोलायचंय. लाँड्रीचं सांगायचंस. या पोरीचं सांगायचंस."

धाकटी रडत होती. पुढच्या वेळी सांगते, असं ती म्हणाली, की थोरलीला तसं नुसतं वाटलं, कोण जाणे. मग पुन्हा ती हाक आली आणि फोन बंद झाला.

थोरली मोबाईल मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर दुपारचा रस्ता रिकामा होता.

"काय म्हणत होती?" लेकीने विचारलं.

"मी जिवंत आहे, असं सांगितलं म्हणाली. भरल्या सभेत."

लेक एक पाऊल पुढे आली. कित्येक महिन्यांनी तिचे डोळे आईच्या डोळ्यांना भिडले. "खरंच? मग लोक काय म्हणाले?"

थोरलीने मांडीवरचा मोबाईल उपडा केला.

"लोकांना फार आवडलं म्हणे," ती म्हणाली.